भरती बंद असताना नोकरी कुणाला मिळते?

'सध्या भरती बंद आहे' अशी पाटी भोसरीतल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर मी स्वतः लावून घेतलेली आहे, आणि ती पाटी लटकत असतानाच त्याच गेटमधून नवी माणसं कामावर घेतलेली आहेत. यात लबाडी कुणाची नव्हती. नव्या जागा खरंच बंद होत्या, पण जुन्या जागा रिकाम्या होतच होत्या आणि त्या भरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाटी वाचून परत गेलेल्यांना हे कळायला मार्ग नव्हता.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. २००८च्या सप्टेंबरात अमेरिकेत लीमन ब्रदर्स बुडाली आणि आमची निर्यातीची ऑर्डर अडकली, तेव्हा मी या खुर्चीत नवी होते. त्यानंतर २०१९ची वाहनउद्योगातली पडझड पाहिली, २०२०ची टाळेबंदी पाहिली. नोकरी कशी शोधावी याचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण ते बहुतेक गेटच्या बाहेरून दिलेले असतात. गेटच्या आत त्या दिवसांत काय चाललेलं असतं, माणूस घ्यायचा की नाही हे कसं ठरतं, ते इथे सांगते. उदाहरणं माझ्या पट्ट्यातली आहेत, भोसरी-चाकणची. पण दुकान असो, शाळा असो की सॉफ्टवेअरचं ऑफिस, माणसं घेणाऱ्यांचं मन सगळीकडे साधारण सारखंच चालतं.

मंदी पायरीपायरीने येते

२०१९चंच घ्या. एका कारणाने गाड्या विकायच्या थांबल्या नव्हत्या. २०१८च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था देणी चुकवू लागली आणि वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्याच महिन्यापासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा आणि दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. ट्रकला जास्त माल वाहण्याची परवानगी मिळाल्याने नवे ट्रक घेण्याची निकड कमी झाली. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या येणार, मग आत्ता कशाला घ्या, असं गिऱ्हाईक म्हणू लागलं. ऑगस्ट २०१९मध्ये प्रवासी वाहनांची देशातली विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. पिंपरी-चिंचवडमध्ये 'ब्लॉक क्लोजर', म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवणं, हा शब्द भाजीवाल्यालाही पाठ झाला. मोठ्या कंपनीने तीन दिवस ब्लॉक घेतला की तिला माल पुरवणाऱ्याकडे आठवडाभर काम नाही, आणि त्याला जॉबवर्क करून देणाऱ्या छोट्या शेडला महिन्याची चिंता.

आमच्याकडे महिन्याचं शेड्यूल निम्म्यावर आलं, की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग तिसरी पाळी. मग कॉन्ट्रॅक्टरला निरोप जातो, 'उद्यापासून दहा माणसं कमी पाठव.' मग सात महिन्यांनी ब्रेक दिलेल्या टेंपररी मुलांना परत बोलावणं थांबतं. मग ट्रेनी. कायम कामगारांची पाळी शेवटी येते, कारण कायद्याने ते महाग पडतं. वर्षभरात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर नोटीस द्यावी लागते, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. सात महिन्यांवर ब्रेक का मिळतो, याचं उत्तर या २४०च्या आकड्यात आहे.

हा क्रम माहीत असण्याचा उपयोग असा, की तिसरी पाळी बंद झाली त्या आठवड्यात शोध सुरू करता येतो. हिशेब हातात पडल्यावर शोधायला निघणारा आणि कामावर असतानाच चौकशी करणारा, यांत मालक दुसऱ्याला पसंती देतो, हे कितीही अन्यायाचं वाटलं तरी खरं आहे.

जागा असते, जाहिरात नसते

कारखान्यातून माणसं कायम जातच असतात. कुणी निवृत्त होतं, कुणाची पोलीस भरतीत निवड होते, कुणाचे वडील आजारी पडतात आणि तो गावी शेती बघायला जातो. यातल्या काही जागा महिनाभरही रिकाम्या ठेवता येत नाहीत. मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन नसेल तर मशीन बंद पडल्यावर पाळीच बसून राहते. ग्राहकाचं ऑडिट तोंडावर असताना क्वालिटीचा माणूस गेला, तर संचालक स्वतः फोन करून विचारतात, 'मॅडम, कधी भरताय?' नव्या जागेला मंजुरी मिळत नाही, पण 'रिप्लेसमेंट' एवढा एक शब्द लिहिला की कागदावर सही होते.

मग जाहिरात का देत नाही? कारण मंदीत रविवारी जाहिरात दिली की सोमवारी टेबलावर अर्जांचा ढीग पडतो. तो चाळायला माझ्याकडे माणसं नाहीत, तीही कमी केलेली असतात. म्हणून मी शॉपफ्लोअरवर जाते आणि सुपरवायझरला विचारते, 'तुमच्या बघण्यात कुणी आहे का?' तेजीच्या काळात हा प्रश्न कधीमधी विचारला जातो. मंदीत बहुतेक भरती याच प्रश्नावर होते.

बेकार माणूस आणि रिकामी जागा एकाच वेळी, एकाच गावात असतात आणि तरी एकमेकांना सापडत नाहीत. या कोड्यावर काम करणाऱ्या पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस या तिघांना २०१०चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही ते २०२०च्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं होतं, हजारो लोक घरी बसले होते, आणि तरी एमआयडीसीत ऑपरेटर मिळत नव्हते, कारण परप्रांतातली मुलं गावी गेली होती. ही गाठ घालण्यासाठी राज्य सरकारने त्या जुलैत 'महाजॉब्स' हे पोर्टलही सुरू केलं होतं.

काका-मामांपेक्षा टेंपोवाला

ओळखीने नोकरी मिळते म्हटलं की लोक वशिला समजतात आणि 'आमचं कुणी नाही' म्हणून सोडून देतात. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गाजलेला निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांना ती व्यक्ती अधूनमधून भेटायची आणि २८ टक्क्यांना क्वचित. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना तेच ठाऊक असतं जे तुम्हाला ठाऊक असतं. नवी खबर लांबच्या ओळखीकडे असते.

आमच्या पट्ट्यात हा लांबचा ओळखीचा म्हणजे पाच कंपन्यांत माल पोचवणारा टेंपोवाला, कटिंग टूल विकायला येणारा सेल्समन, गेज कॅलिब्रेशनला नेणारा मुलगा, कँटीनचा कॉन्ट्रॅक्टर, आयटीआयचे जुने निदेशक. कुठल्या कंपनीत कोण सोडून गेलं, हे त्यांना माझ्याआधी कळतं. त्यांना 'कुठे काही असेल तर सांगा' म्हणू नका. ते वाक्य कुणाच्याच लक्षात राहत नाही. 'व्हीएमसीवर चार वर्षं आहे, सेटिंग स्वतः करतो, मोशीला राहतो, सोमवारपासून येऊ शकतो' असं सांगा. हे वाक्य टेंपोवाला जसंच्या तसं पुढच्या गेटवर बोलून दाखवू शकतो, आणि दाखवतो. 'सर, आपल्या ओळखीचा एक पोरगा आहे' यापुढे त्याला चार शब्द बोलता आले पाहिजेत, ते तुम्ही पुरवायचे.

घाबरलेला कोण असतो?

मुलाखतीला आलेला उमेदवार घाबरलेला असतो हे कुणीही सांगेल. मंदीत टेबलाच्या अलीकडचा माणूस जास्त घाबरलेला असतो. तेजीत दहा माणसं घेतली आणि त्यांतला एक चुकीचा निघाला तर खपून जातं. मंदीत वर्षात एकच माणूस घ्यायची परवानगी मिळते. तो चुकला तर दुसरा मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून माझ्या मनात तीनच शंका घोळत असतात. याला काम खरंच येतं का? बाजार सुधारला की हा सोडून जाईल का? याच्या कागदपत्रांची काही भानगड निघेल का? या तीन शंका ज्याने कमी केल्या, त्याला नोकरी. मंदीत नोकरी मिळवण्याबद्दल मला जे काही कळलं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळं याचाच विस्तार.

पहिली शंका घ्या. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांवर सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य म्हणजे 'योग्य त्या कोणत्याही पदासाठी विचार व्हावा'. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण नम्र आहोत, लवचिक आहोत. वाचणाऱ्याला वाटतं, याला काय येतं हे यालाच माहीत नाही. त्याच ढिगात मला एकदा वहीच्या पानावर हाताने लिहिलेला अर्ज मिळाला. वर नाव, गाव, मोबाईल नंबर. खाली यादी: कोणती मशीन चालवली, फॅनुकचं कंट्रोल, कोणत्या मटेरियलवर काम केलं, टॉलरन्स किती, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वाचता येतं, ड्रॉइंग वाचता येतं, प्रोग्राममध्ये ऑफसेट बदलता येतो पण नवा प्रोग्राम लिहिता येत नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी त्याला फोन केला. ज्याला काय येत नाही हे सांगता येतं, त्याला जे येतं म्हणतो ते बहुधा खरंच येत असतं.

तो आला. परभणीकडचा मुलगा, शर्ट धुतलेला पण इस्त्री नसलेला. आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी त्याच्यापुढे एक रिजेक्ट झालेला पार्ट आणि एक व्हर्निअर ठेवला आणि म्हणाले, 'बघ, काय चुकलंय.' त्याने पार्टला हात लावण्याआधी व्हर्निअरचे जबडे बोटाने पुसले, ते मिटवले आणि शून्यावर शून्य येतंय का ते पाहिलं. येत नव्हतं. 'सर, याच्यात एरर आहे, दुसरं मिळेल का?' साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाखत तिथेच संपली होती. पुढचे प्रश्न आम्ही रीतीपुरते विचारले.

प्रत्येक कामात असं एक व्हर्निअर असतं. अकाउंटंट असाल तर जीएसटीची दोन रिटर्न्स जुळत नाहीत तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय उघडून बघता, हे सांगता आलं पाहिजे. शिक्षिका असाल तर भागाकार न जमणाऱ्या मुलाला सुरुवात कुठून करून देता, हे. 'मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करू शकतो' हे सगळेच लिहितात, म्हणून त्याला किंमत उरत नाही. आणि जमलं तर 'दोन दिवस काम करून दाखवतो, मग ठरवा' असं स्वतःहून म्हणा. घाबरलेल्या मालकाला याहून मोठा दिलासा नाही. मात्र दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. महिनाभर फुकट राबवणाऱ्यापासून लांब राहा.

पगार, खंड आणि वय

दुसरी शंका पगाराच्या प्रश्नातून डोकं वर काढते. आधी ३५ हजार घेणारा माणूस २४ हजारांना तयार झाला, की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. हा सहा महिन्यांत जाणार. अशा वेळी 'काहीही द्या' म्हणू नये. आपलं गणित मोकळेपणाने मांडावं: 'घरचा हप्ता इतका, त्यामुळे हातात इतके आले तर भागतं. घर इथून दहा मिनिटांवर आहे. तुमच्याकडे जे नवं मशीन आहे ते मला शिकायचं आहे.' थांबण्याचं कारण दिसलं की पगाराचा फरक मला वरच्यांना समजावता येतो.

मध्ये पाच-सात महिने घरी बसावं लागलं, ते लपवायला काहीजण अनुभवाच्या तारखा ताणतात. ते पीएफच्या नोंदीत एका मिनिटात उघडं पडतं आणि मग तिसरी शंका पक्की होते. वास्तविक लपवायची गरजच नसते. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्दो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १०० शहरांत सुमारे १२ हजार बनावट अर्ज पाठवून पाहिले. २०१३ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बेकारीचा काळ लांबला की बोलावणी कमी होतात, पण जिथे मुळातच नोकऱ्यांची चणचण असते तिथे या खंडाचा तोटा कमी असतो. कारण सरळ आहे. सगळेच घरी बसलेले असताना 'हाच का बसला?' असं कुणी विचारत नाही. 'कंपनीत ब्लॉक सुरू झाले, मार्चमध्ये आमची बॅच कमी केली' हे एक वाक्य पुरे. त्यापुढे जुन्या मालकाची उणीदुणी काढू नयेत.

पंचेचाळिशीच्या पुढच्यांची अडचण वेगळी आहे. त्यांना ऑपरेटर म्हणून कुणी घेत नाही, पण भोसरीतल्या छोट्या शेडमध्ये, जिथे मालक स्वतः हिंडून ऑर्डर आणतो, तिथे मागे पाळी सांभाळणारा अनुभवी माणूस हवाच असतो. मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्याला ही शेड कमीपणाची वाटते. नवीन गाडी विकली जात नाही तेव्हा जुनी गाडी जास्त दिवस चालवली जाते, म्हणजे गॅरेज, स्पेअर पार्ट, मेंटेनन्स यांना काम राहतं, हेही ध्यानात ठेवावं. मंदी सगळ्या कामांवर सारखी पडत नाही. ती कशामुळे आली हे समजलं, तर कोणतं काम तगेल याचा अंदाज येतो.

नुकत्याच पास झालेल्यांसाठी

मंदीच्या वर्षात पदवी हातात पडणं हा निव्वळ नशिबाचा भाग आहे, आणि त्याची झळ बसते. कॅनडातल्या पदवीधरांच्या अभ्यासात फिलिप ओरियोपोलोस आणि सहकाऱ्यांना २०१२ साली दिसलं, की मंदीत नोकरीला लागलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, पाच वर्षांत ही तूट निम्मी होते आणि दहा वर्षांत जवळजवळ भरून निघते. ती भरून निघण्याची मुख्य वाट म्हणजे लहान ठिकाणी सुरुवात करून हळूहळू बऱ्या ठिकाणी सरकत जाणं. बसून राहिलेल्याला ही वाट सापडत नाही.

माझा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर झाला तेव्हा हिंजवडीत ऑफर लेटर मिळालेली मुलंही रुजू होण्याच्या तारखेची वाट बघत होती. पुढे जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या २ टक्के जागा कमी करण्याचं जाहीर केलं आणि घरोघरी धास्ती पसरली. भाचा मात्र तोवर एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यात पीएलसीचे प्रोग्राम लिहायला लागलेला होता. बहिणीला ते आवडलं नव्हतं. 'ताई, एवढं शिकून पोरगा तेलकट हातांनी घरी येतो,' ती म्हणायची. तेलकट हातांना आज मागणी आहे, हे तिला पटायला वेळ लागला.

मंदीलाही बंद करता न येणारं एक दार आहे, शिकाऊ उमेदवारीचं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. संचालकांनी भरती थांबवली तरी हा आकडा मला भरावाच लागतो. आयटीआयवाल्यांबरोबर पदविका आणि पदवीधरांसाठीही ही सोय आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावी झालेल्यांना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरलं. यातून कायम नोकरीची हमी कुणी देत नाही, त्या भरवशावर राहू नये. मिळतं ते इतकंच, की तुमचं काम पाहिलेले चार लोक तयार होतात, आणि सुपरवायझरला मी 'कुणी आहे का?' विचारते तेव्हा तुमचं नाव त्याच्या तोंडी असतं.

पैसे मागणारा मालक नसतो

मंदी आली की नोकरी लावून देणारे दलाल उगवतात. मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह असलेलं पत्र, 'मेडिकल'चे दीड हजार, 'युनिफॉर्म'चे दोन हजार, मग 'सिक्युरिटी डिपॉझिट'. आता त्यात टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करून पैसे कमवण्याचं आमिष आलं आहे, ज्यात सुरुवातीला दोनशे रुपये खात्यात येतात आणि नंतर हजारो जातात. कामाला माणूस घेणारा मालक उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हा एक नियम पाळला तरी पुरे. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढे सरकतात.

जाताना कागद घेऊन निघा

तिसरी शंका कागदांची. नोकरी सुटली की माणूस रागाने किंवा दुःखाने निघून जातो आणि अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर मागायचं राहतं. सहा महिन्यांनी ती कंपनीच बंद झालेली असते. आधार आणि पीएफमधलं नाव एकसारखं आहे का, कंपनी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत चढली आहे का, हे तेव्हाच बघावं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम हमखास इथे अडकतं.

पीएफ काढायची घाई करू नका असं मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येकाला घाई असतेच. घरात चूल पेटायची असेल तर काढावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण पेन्शनचा हिस्सा वेगळा असतो. मासिक पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. तो हिस्सा काढून घेतला की झालेली वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर जुनी वर्षं पुढच्या नोकरीत जोडता येतात. सलग ५ वर्षं झालेल्या कायम माणसाने ग्रॅच्युइटी मागून घ्यावी. ईएसआय कापला जात होता त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. २०१८ साली ती सुरू झाली, आणि २०२०मध्ये तिच्यातली मदत सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाली. ही मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची, आयुष्यात एकदाच. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआयच्या शाखेत जाऊन चालू नियम विचारून घ्यावेत.

घरच्यांना दोन शब्द

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनताल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन जे टिपलं ते १९३३ साली प्रसिद्ध झालं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. गावाच्या रस्त्यावरून पुरुष बायकांपेक्षा हळू चालताना दिसायचे. बायकांना घरचं काम होतंच, पुरुषांना कुठे पोचायचंच नव्हतं. बेकारी माणसाचा पगार नेते तसा त्याचा दिवसही नेते.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं असतं, की घरी बसलेल्याला रोज संध्याकाळी 'काही झालं का?' विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्या हातात नसतं. 'आज कुणाकुणाला भेटलास?' विचारा, त्याचं उत्तर त्याच्या हातात असतं. आणि बायको कामाला जात असेल तर त्याने दुपारची भांडी घासावीत आणि पोरांना शाळेतून आणावं. त्याने त्याचा दिवसही उभा राहतो आणि घरही.

मंदी उठते तेव्हा ती आली तशीच पायरीपायरीने उठते. आधी ओव्हरटाइम सुरू होतो, मग तिसरी पाळी. त्या आठवड्यात मला चार माणसं तातडीने हवी असतात आणि ढीग चाळायला तेव्हाही वेळ नसतो. मी वही उघडते. त्या वहीत गेल्या वर्षभरात ज्यांनी काम करून दाखवलं, 'आत्ता जागा नाही' ऐकूनही नीट बोलून नंबर ठेवून गेले, दोन महिन्यांनी एकदा 'मॅडम, मी अजून उपलब्ध आहे' असा एका ओळीचा मेसेज ज्यांनी टाकला, त्यांचीच नावं असतात. फार नसतात, बोटांवर मोजण्याइतकी. अशा पाच-सहा कारखान्यांच्या वहीत आपलं नाव, आपलं काम आणि चालू असलेला नंबर जाईल एवढं बघा. आणि नंबर बदललात तर तो कळवा, कारण पहिल्या फोनला उत्तर आलं नाही की मी पुढच्या नावाला लावते.